पित्तनलिकेतील खडे आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठी माणसाच्या बोलण्यात 'पित्त' हा शब्द फार सैल अर्थाने येतो. पित्त होते, पित्त उसळते, पित्त खवळते. यांपैकी बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्या मनात असते ते जठरातील आम्ल. यकृतात तयार होणारे खरे पित्त, ते साठविणारे पित्ताशय आणि ते लहान आतड्यात नेऊन सोडणारी नलिका यांची ओळख सामान्य माणसाला होते ती बहुधा सोनोग्राफीच्या अहवालातून, म्हणजे काहीतरी बिघडल्यावरच.

पित्ताशयातील खडे कित्येक वर्षे मुकाट्याने पडून राहू शकतात. त्यांपैकी एखादा घसरून मुख्य पित्तनलिकेत उतरला की मात्र चित्र पालटते. ही नलिका निरोगी अवस्थेत जेमतेम सहा मिलिमीटर व्यासाची असते. ती अडली की कावीळ होते, तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग होऊन थंडीताप येतो, आणि नलिकेच्या मुखाशी खडा अडकल्यास स्वादुपिंडाचा दाह होऊन रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. पित्ताशयात खडे असलेल्या रुग्णांपैकी सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांच्या नलिकेतही खडे आढळतात.

पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास वैद्यकीय ग्रंथांतून अनेकदा सांगितला गेला आहे, आणि तो बहुधा विजयाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. नलिकेचा इतिहास त्याच्या सावलीत राहिला. तो पाहिला असता वेगळेच चित्र दिसते. दुर्बिणीने पित्ताशयाची शस्त्रक्रिया एका झेपेत पुढे नेली. परंतु त्याच झेपेत, एका बैठकीत पित्ताशय काढून नलिकाही मोकळी करण्याची जी हातोटी शल्यचिकित्सकांनी शंभर वर्षांत मिळविली होती, ती त्यांच्या हातून निसटली. ती कशी मिळाली, कशी गेली आणि परत मिळविण्याचे प्रयत्न कितपत फळास आले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पोट उघडून : १८६७ ते १९३१

इ.स. १८६७ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे जॉन बॉब्ज यांनी एका स्त्रीच्या पोटातील गाठ पाहण्यासाठी पोट उघडले. गाठ नव्हती, फुगलेले पित्ताशय होते. त्यांनी ते उघडून खडे काढले आणि पुन्हा शिवून टाकले. रुग्ण बरी झाली. परंतु खडे काढून पित्ताशय जागेवर ठेवले तर ते पुन्हा होणार, ही अडचण उरलीच.

बर्लिनच्या लाझारस रुग्णालयातील कार्ल लांगेनबुख यांनी या अडचणीच्या मुळाशी हात घातला. पित्ताशय काढावयाचे ते त्यात खडे आहेत म्हणून नव्हे, तर ते खडे बनविते म्हणून, हा त्यांचा विचार होता. आधी मृतदेहांवर सराव करून त्यांनी १५ जुलै १८८२ रोजी ४३ वर्षे वयाच्या एका पुरुषाचे पित्ताशय काढले. दुसऱ्या दिवशी रुग्णास ताप नव्हता, वेदना किरकोळ होत्या आणि तो चिरूट ओढीत होता, अशी नोंद आहे. तो घरी मात्र सुमारे सहा आठवड्यांनी गेला. शस्त्रक्रियेनंतर इतके दिवस रुग्णालयात राहणे त्या काळात कोणासही जास्त वाटत नसे.

नलिकेपर्यंत पोहोचण्यास आणखी काही वर्षे लागली. १८९० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील लुडविग कूर्व्हाझिए आणि अन्य काही शल्यचिकित्सकांनी नलिकेला छेद घेऊन खडे काढण्यास आरंभ केला. पित्ताशय ही काढून टाकता येणारी पिशवी आहे. त्याच्यावाचून माणसाचे अडत नाही. मुख्य नलिका काढून टाकता येत नाही. ती उघडावी लागते, रिकामी करावी लागते आणि पुन्हा अशी बंद करावी लागते की पित्त पोटात झिरपणार नाही व नलिका आक्रसणारही नाही. या एका भेदामुळे दोन्ही शस्त्रक्रियांचे भवितव्य वेगळे झाले. जर्मन शल्यचिकित्सक हान्स केर यांनी इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची रबरी नळी नलिकेत बसवून तिचे लांब टोक पोटाबाहेर आणण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केली. आत सूज असेतो पित्त या नळीने बाहेर पडे. सूज उतरली की नळी ओढून काढीत. ही नळी पुढे जवळजवळ शंभर वर्षे वापरात राहिली.

एक उणीव उरली होती. नलिकेत खडा आहे की नाही हे चाचपूनच ठरवावे लागे, आणि बोटांना चुकविणारे खडे पुष्कळ असत. १९३१ मध्ये अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे पाब्लो मिरिझ्झी यांनी शस्त्रक्रिया चालू असतानाच नलिकेत क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव्य सोडून चित्र घेतले. आता पोट उघडे असतानाच खड्यांचा पत्ता लागू लागला. पित्ताशय काढावे, चित्र घ्यावे, खडा दिसल्यास तेथेच नलिका उघडून तो काढावा आणि केर यांची नळी ठेवून पोट शिवावे, असा क्रम विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बसून गेला. छेद हातभर, वेदना मोठ्या, वृद्धांना धोका अधिक. पण काम एकाच बैठकीत पुरे होई.

नलिकेची दहशत

पित्ताशयाजवळ काम करणाऱ्या शल्यचिकित्सकास नलिकेचे भय का वाटते, याचे सर्वपरिचित उदाहरण ब्रिटिश राजकारणातील आहे. परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांचे पित्ताशय १२ एप्रिल १९५३ रोजी लंडनमध्ये काढण्यात आले आणि त्या वेळी त्यांच्या पित्तनलिकेस इजा झाली. पुन्हा शस्त्रक्रिया झाली, तीही पुरेशी ठरली नाही. अखेरीस जून महिन्यात बॉस्टन येथे रिचर्ड कॅटेल यांनी नलिकेची दुरुस्ती केली. ईडन वाचले, १९५५ मध्ये पंतप्रधानही झाले. परंतु तापाचे झटके त्यांना पुढेही येत राहिले. १९५६ च्या सुएझ प्रकरणातील त्यांच्या निर्णयांवर या आजाराचा आणि औषधांचा कितपत परिणाम झाला, हा इतिहासकारांच्या वादाचा विषय आहे. जगाच्या राजकारणाचे खापर सहा मिलिमीटरच्या नलिकेवर फोडणे अर्थातच अतिशयोक्तीचे ठरेल. नलिकेची इजा हे आयुष्यभराचे दुखणे होऊ शकते, एवढे मात्र या उदाहरणाने कायमचे लोकांसमोर आणले.

तोंडावाटे जाणारी वाट

दरम्यान दुसरीकडे प्रकाशाला वाकविण्याचे प्रयत्न चालू होते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते हे १९५४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले. यातून लवचीक दुर्बीण जन्मास आली. १९७४ मध्ये जर्मनीतील एर्लांगेन येथे क्लासेन व डेमलिंग यांनी, आणि त्याच सुमारास जपानमध्ये कावाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून नलिकेच्या मुखाशी असलेला स्नायू विद्युत्प्रवाहाने कापून खडे आतड्यात सोडविले. हीच प्रक्रिया आज ईआरसीपी या नावाने रुग्णांच्या परिचयाची आहे. पोटावर एकही छेद न घेता नलिका मोकळी होऊ लागली.

आरंभी ही वाट पूर्वीच्या शस्त्रक्रियेत मागे राहिलेल्या खड्यांसाठी आणि शस्त्रक्रिया न सोसणाऱ्या वृद्धांसाठी होती. तिचेही धोके होते व आहेत: स्वादुपिंडाचा दाह, रक्तस्राव, क्वचित आतड्यास छिद्र. शिवाय ही प्रक्रिया करणारा तज्ज्ञ बहुधा शल्यचिकित्सक नव्हे, तर जठरांत्ररोगतज्ज्ञ असतो. एकाच रोगावर दोन विभागांचा हक्क निर्माण झाला. पुढील घडामोडी समजण्यासाठी ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

म्यूहे यांची परीक्षा

पोटात छिद्र पाडून दुर्बिणीने पाहण्याची कल्पना जुनी आहे. ड्रेस्डेनचे गेओर्ग केलिंग यांनी १९०१ मध्ये कुत्र्याच्या पोटात हवा भरून आत डोकावले. स्टॉकहोमचे याकोबेउस यांनी १९१० मध्ये हा प्रयोग माणसावर केला. हंगेरीचे यानोश व्हेरेश यांनी १९३८ मध्ये क्षयरोग्यांच्या छातीत हवा सोडण्यासाठी बनविलेली बोथट अग्राची सुई पुढे पोटासाठी उपयोगी पडली. परंतु सामान्य शल्यचिकित्सकांनी या साधनाकडे पाठच फिरविली होती. ते वापरले स्त्रीरोगतज्ज्ञांनी. कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी पोटात वायूचा दाब आपोआप राखणारे यंत्र तयार केले आणि सप्टेंबर १९८० मध्ये दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढले. 'मोठा शल्यचिकित्सक, मोठा छेद' या परंपरेत वाढलेल्या सहव्यवसायिकांना हे रुचले नाही. झेम यांना वैद्यकी करण्यास मनाई करावी, अशी मागणीही झाली.

झेम यांच्या कामावरून स्फूर्ती घेऊन ब्योब्लिंगेन या लहान शहरातील शल्यचिकित्सक एरिख म्यूहे यांनी १२ सप्टेंबर १९८५ रोजी दुर्बिणीतून पहिले पित्ताशय काढले. त्यासाठी त्यांनी 'गॅलोस्कोप' नावाचे खास साधन तयार करविले होते. १९८६ च्या एप्रिलमध्ये जर्मन शल्यचिकित्सकांच्या अधिवेशनात त्यांनी आपले अनुभव मांडले, तेव्हा त्यांच्या वाट्यास उपहास आला. 'मिकी माउस शस्त्रक्रिया' असे कोणी म्हटले. म्यूहे थांबले नाहीत. मार्च १९८७ पर्यंत त्यांच्या अशा ९४ शस्त्रक्रिया झाल्या. त्याच वर्षी त्यांच्या एका रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला आणि त्यांच्यावर मनुष्यवधाचा आरोप ठेवण्यात आला. १९९० मध्ये ते निर्दोष ठरले. तोपर्यंत सारे जग दुर्बिणीतून पित्ताशये काढू लागले होते. १९९२ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक संस्थेने त्यांना पुरस्कार दिला. अमेरिकेतील संस्थेने त्यांच्या अग्रक्रमास मान्यता दिली ती १९९९ मध्ये.

वैद्यकाच्या इतिहासात श्रेयाचे वाद नवे नाहीत. मार्च १९८७ मध्ये लियोंचे फिलिप मूरे यांनी एका स्त्रीरुग्णाची स्त्रीरोगविषयक शस्त्रक्रिया करीत असतानाच तिचे पित्ताशयही काढले. त्यांच्यामागून पॅरिसचे द्युब्वा आणि बोर्दोचे पेरिसा आले, अमेरिकेत मॅकर्नन व से आणि रेडिक व ओल्सेन यांनी काम सुरू केले. या सर्वांच्या हाती एक गोष्ट होती: दुर्बिणीवर बसणारा छोटा व्हिडिओ कॅमेरा. दूरचित्रवाणी संचावर चित्र दिसू लागताच शल्यचिकित्सकाचे दोन्ही हात मोकळे झाले, मदतनीसालाही तेच दिसू लागले, आणि मुख्य म्हणजे ध्वनिफीत पाठवावी तशी चित्रफीत पाठवून शस्त्रक्रिया शिकविता येऊ लागली.

मुंबई, १९९०

भारतात ही शस्त्रक्रिया फार उशिरा आली नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये देशातील पहिले पित्ताशय दुर्बिणीतून काढले. काही महिन्यांतच पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनी ही शस्त्रक्रिया केली. उदवाडिया यांच्यासाठी दुर्बीण नवी नव्हती. महागड्या तपासण्या न परवडणाऱ्या रुग्णांच्या पोटातील रोगाचे निदान ते १९७२ पासून दुर्बिणीतून करीत होते. हे तंत्र श्रीमंत देशांची चैन नसून गरीब देशांचीच गरज आहे, ही भूमिका त्यांनी सातत्याने मांडली. रोजंदारीवर जगणारा माणूस किती दिवसांत कामावर परततो, हा प्रश्न त्यामागे होता. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

येथे युरोपशी एक लक्षणीय साम्य दिसते. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत 'दुर्बिणीचे ऑपरेशन' हा शब्दप्रयोग पित्ताशयाच्या पुष्कळ आधी रुळला होता, आणि त्याचा अर्थ एकच होता: कुटुंबनियोजनाची स्त्रियांवरील शस्त्रक्रिया. येथेही दुर्बीण प्रथम स्त्रीरोगतज्ज्ञांच्याच हाती होती. मुंबईच्या डॉ. प्रवीण मेहता यांनी १९८९ मध्ये एकट्याने केलेल्या अशा २,५०,१३६ शस्त्रक्रियांचा अहवाल ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. शिबिरांतील ही घाई आणि त्या काळातील उद्दिष्टांचा रेटा हा स्वतंत्र, आणि तितकासा अभिमानास्पद नसलेला, विषय आहे. परंतु दुर्बीण या शब्दाची भीती मराठी समाजातून आधीच बरीच गेली होती, त्याचे एक कारण या शिबिरांत सापडते.

नलिका मागे पडली

अमेरिकेत १९९२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरविली, तेव्हा त्या देशातील सुमारे ८० टक्के पित्ताशये दुर्बिणीतून निघत होती. मोठ्या शस्त्रक्रियेत एवढा बदल चार-पाच वर्षांत झाल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. हा बदल चाचण्यांच्या निष्कर्षांची वाट पाहत थांबला नाही. रुग्णांनीच मागणी केली, आणि शनिवार-रविवारच्या प्रशिक्षणवर्गांत डुकरांवर सराव करून शल्यचिकित्सक कामास लागले. त्याची किंमत नलिकेने मोजली. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत नलिकेस इजा होण्याचे प्रमाण हजारी एक-दोन होते. दुर्बिणीच्या पहिल्या काही वर्षांत ते हजारी पाचच्या आसपास गेले. १९९२ मध्येच न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागाला प्रशिक्षणाविषयी नियम सुचवावे लागले. १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग यांनी, काहीही कापण्यापूर्वी पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना स्पष्ट दिसल्या पाहिजेत, असा दंडक मांडला. तो आज सर्वत्र शिकविला जातो.

इजेची चर्चा पुष्कळ झाली. दुसरा तोटा मात्र गाजावाजा न होता घडला. नवशिक्या हातांना दुर्बिणीतून नलिका उघडणे, खडे काढणे आणि तिला टाके घालणे अवघड होते. मिरिझ्झी यांचे चित्र घेण्याची सवयही अनेकांनी सोडली. मग नलिकेत खडे असल्याचा संशय आला की रुग्णास आधी ईआरसीपीसाठी पाठवावयाचे, खडे निघाले की काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पित्ताशय काढावयाचे, अशी दुटप्पी पद्धत रूढ झाली. रुग्णाच्या पोटावरील छेद लहान झाले, पण दवाखान्याच्या फेऱ्या दोन झाल्या, भूल दोनदा झाली आणि दोन्ही प्रक्रियांचे धोके वाट्यास आले. जो रुग्ण १९८० मध्ये एका बैठकीत मोकळा झाला असता, त्यास १९९५ मध्ये दोनदा झोपावे लागले.

परतीची वाट

याला अपवाद होते. १९९१ पासूनच अमेरिकेत जोसेफ पेटेलिन, एडवर्ड फिलिप्स, मोइझेस जेकब्स आणि स्टोकर यांनी दुर्बिणीतूनच नलिका मोकळी करण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यांच्या पद्धती दोन होत्या. पहिलीत पित्ताशयाला मुख्य नलिकेशी जोडणाऱ्या छोट्या नळीतूनच आत शिरावयाचे. ती थोडी फुगवून सुमारे तीन मिलिमीटर जाडीची लवचीक दुर्बीण मुख्य नलिकेत सरकवितात, पाण्याच्या धारेने मार्ग स्वच्छ ठेवतात, आणि तारेच्या बारीक टोपलीत खडा पकडून बाहेर ओढतात. मुख्य नलिकेला धक्काही लागत नाही; रुग्ण बहुधा नुसते पित्ताशय काढलेल्या रुग्णाइतक्याच लवकर घरी जातो. खडे मोठे किंवा पुष्कळ असतील, अथवा वर यकृताकडे सरकले असतील, तर दुसरी पद्धत: कूर्व्हाझिए यांच्याप्रमाणे नलिकेलाच छेद, फक्त पोटाच्या भिंतीतील चार-पाच छिद्रांतून. या पद्धतीत नलिका फुगलेली असणे आवश्यक असते. सडपातळ नलिका उघडल्यास ती पुढे आक्रसण्याचे भय असते. छेद बंद करताना केर यांची नळी ठेवण्याची प्रथा आरंभी कायम होती. पुढे अनेकांनी ती सोडून नलिका थेट शिवण्यास सुरुवात केली, आणि तुलनात्मक चाचण्यांतही नळीमुळे मुक्काम वाढतो, लाभ मात्र दिसत नाही, असेच आढळले.

एका बैठकीची पद्धत दोन बैठकींपेक्षा कमी प्रतीची आहे काय, हा प्रश्न चाचण्यांनी लवकरच निकालात काढला. इंग्लंडमधील नॉरिच येथील ऱ्होड्स व सहकाऱ्यांची १९९८ मधील चाचणी 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ८० रुग्ण होते. पहिल्या प्रयत्नात नलिका मोकळी होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ७५ टक्के होते. परंतु रुग्णालयातील मुक्कामाचा मध्यक एका गटात एक दिवस, तर पित्ताशय काढल्यानंतर ईआरसीपी केलेल्या गटात साडेतीन दिवस होता. कुशिएरी यांच्या नेतृत्वाखालील, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत ३०० रुग्ण होते आणि निष्कर्ष त्याच दिशेचा होता. पेटेलिन यांनी २००३ मध्ये आपल्या बारा वर्षांच्या कामाचा हिशेब दिला, त्यात ३०० हून अधिक नलिका दुर्बिणीतून मोकळ्या केल्याची नोंद आहे.

तरीही ही शस्त्रक्रिया पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसारखी फैलावली नाही. याचे कारण तंत्राच्या गुणदोषांत शोधणे व्यर्थ आहे. तीन मिलिमीटरची दुर्बीण महाग असते, नाजूक असते आणि निष्काळजी हाताळणीने निकामी होते. दुसऱ्या कॅमेऱ्याची, दुसऱ्या पडद्याची आणि टोपली हाताळणाऱ्या जाणत्या परिचारिकेची गरज लागते. खडे नेमके कोणत्या दिवशी निघतील हे ठरलेले नसते. त्यामुळे ही सारी सिद्धता नेहमीच ठेवावी लागते. दहा रुग्णांमागे एखाद-दुसऱ्यालाच तिची आवश्यकता पडत असल्याने एकट्या शल्यचिकित्सकाचा हात त्यात बसत नाही. आणि शेजारच्याच विभागात ईआरसीपी करणारा निष्णात तज्ज्ञ असेल, तर दीड तास जास्त उभे राहण्याची उमेद कोण धरणार? ब्रिटनमध्ये २०१४ व २०१७ मधील मार्गदर्शक सूचनांनी दोन्ही मार्गांना बरोबरीचे स्थान दिले आहे; त्यांपैकी कोणता मार्ग रुग्णाच्या वाट्यास येतो हे व्यवहारात त्या रुग्णालयात कोण काम करते यावरच ठरते.

भारतात या प्रश्नाला भूगोलाची जोड आहे. गंगेच्या खोऱ्यात पित्तखड्यांचे प्रमाण दक्षिणेपेक्षा बरेच अधिक आहे, तर ईआरसीपीच्या सोयी मोठ्या शहरांत एकवटलेल्या आहेत. तालुक्याच्या गावी कावीळ घेऊन आलेल्या रुग्णापुढे बहुधा दोनच पर्याय उरतात: शहराचा प्रवास, तोही दोन मुक्कामांचा खर्च धरून, किंवा गावातल्याच शल्यचिकित्सकाकडून पोट उघडून एका बैठकीत नलिका मोकळी करवून घेणे. हा दुसरा पर्याय देणारे अनुभवी हात अजून आहेत. परंतु १९९० नंतर शिकलेल्या पिढीने दुर्बिणीतून शेकडो पित्ताशये काढली असली, तरी उघड्या पोटातील नलिका आपल्या हातांनी उघडण्याची संधी तिला प्रशिक्षणाच्या काळात फारच थोड्या वेळा मिळालेली असते.